गावच्या मशिदीत पहिल्यांदा येताय? मग हे आधी वाचा

दर वर्षी रोश हाशाना, म्हणजे आमचं ज्यूंचं नवं वर्ष, जवळ आला की ठाण्याहून, मुंबईहून, पुण्याहून कोणाचा ना कोणाचा फोन येतोच. "काका, या वेळी अलिबागला यायचं म्हणतोय, आजोबा तिकडचेच होते, पण आम्हाला काहीच माहीत नाही हो, काय घालायचं, कुठे उतरायचं, पोरांना आणलं तर चालेल का?" प्रत्येकाला सांगतो आणि मनापासून सांगतो, पण फोनवर निम्मं राहून जातं, म्हणून आज बसून सगळं लिहून काढतोय. बेने इस्राएल (म्हणजे आम्ही कोकणातले मराठी बोलणारे ज्यू) घरातले पण कोकणातल्या मशिदीत कधी पाय न ठेवलेले, लग्न होऊन आमच्यात आलेल्या सुना आणि जावई, आणि शेजारपाजारचे मित्र ज्यांना एकदा यायचंय, सगळ्यांसाठी आहे हे.

आधी एक शब्द क्लिअर करतो. आमच्या घरांत सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनास्थळाला, मशीदच म्हणत आलेत. मुंबईत १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी पहिलं सिनेगॉग बांधलं, शार हारहामीम, त्यालाही लोक जुनी मशीदच म्हणायचे. त्यामुळे आजी "मशिदीत जाऊन आले" म्हणाली तर दचकू नका. मात्र अलिबागला एसटी स्टँडवर उतरून रिक्षावाल्याला मशीद सांगू नका, भलतीकडे नेईल, "इस्राएल आळी" सांगा, बरोब्बर आणून सोडेल.

आपलं गाव कुठलं ते आधी काढा

इथे आल्यावर पहिला प्रश्न हाच पडतो, "तुम्ही कुठले?" मुंबईचे म्हणून भागत नाही, आडनाव सांगावं लागतं. किहीमचे ते किहीमकर, चौलचे चेऊलकर, पेणचे पेणकर, रोह्याचे रोहेकर, अष्टमीचे अष्टमकर, नवगावचे नवगावकर, झिराडचे झिराडकर. जुन्या सिनेमातले डेव्हिड आठवतात ना, त्यांचं आडनाव चेऊलकर होतं. म्हणजे पत्ता आडनावातच लिहून ठेवलाय, फक्त वाचायचा. घरात कोणी म्हातारं माणूस असेल तर निघायच्या आधी त्यांच्याजवळ तासभर बसा आणि विचारा, घर कुठल्या वाडीत होतं, घाणा होता का (आपले लोक तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावात शनवार तेली नाव पडलं), इस्राएलला कोण कोण गेलं, कधी गेलं. कागदावर लिहून आणा. इथल्या एखाद्या काकूला त्यातलं एक नाव ओळखीचं निघालं की पुढचं तुम्हाला काही करावं लागत नाही, जेवायलाच बसवतात.

मशिदी इथे बऱ्याच आहेत. रेवदंड्याची बेथ एल १८४२ ची, अलिबागची मागेन अबोथ १८४८ ची आणि आत्ताची इमारत १९१० ची, पनवेलची १८४९ ची, पेणची बेथ हाएलोहिम १८६३ ची. या सगळ्या रोज उघडतात असं समजून येऊ नका. एकेकाळी गावागावात घरं होती आमची, १९४८ नंतर लोक इस्राएलला जात राहिले आणि आता काही गावांत मशीद आहे पण तफिल्ला (प्रार्थना) करायला माणसं नाहीत, एखाददुसरं घर राहिलंय, ते किल्ली सांभाळतं, दिवा लावतं.

येण्याआधी फोन करा, आणि किती पुरुष येताय ते सांगा

याच्यावर जरा थांबतो कारण सगळं याच्यावरच अडतं. मिन्यान म्हणजे तेरा वर्षांच्या वरचे दहा पुरुष. नऊ असले तर तफिल्ला आपापली करता येते, पण सेफेर तोरा (आपल्या धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी) बाहेर काढून वाचता येत नाही, कद्दिश (गेलेल्या माणसासाठी म्हणायची प्रार्थना) म्हणता येत नाही. शहरात दहाचे बारा असतात, कोणी मोजत बसत नाही. इथे आम्ही दर वेळी मोजतो.

मागे एकदा एक गृहस्थ आईच्या वर्षदिनाला आले होते, आई इकडची, कद्दिश तिच्या गावात म्हणायचा म्हणून मुद्दाम रजा काढून आले, पण कोणाला काही न कळवता. मधला वार, त्यात पाऊस. आम्ही घराघरांतून माणसं गोळा केली, एका काकांना दुकानाचं शटर ओढायला लावून आणलं, तरी आठच झालो. ते गृहस्थ बराच वेळ हातात सिद्दूर (प्रार्थनेचं पुस्तक) धरून दाराकडे बघत उभे होते. मग त्यांनी आईचं नाव घेतलं, आम्ही तेहिलीम (स्तोत्रं) म्हटले, पण कद्दिश राहिला तो राहिलाच. दोन दिवस आधी नुसता फोन असता ना, तर पेणहून दोघं सहज आले असते! तेव्हापासून मी प्रत्येकाला हेच सांगतो की आधी कळवा, पाहुणे म्हणून नाही, मोजणीत धरायला म्हणून कळवा. आणि बार मित्स्वा (तेराव्या वर्षीचा विधी) झालेला मुलगा असेल तर त्याला घरी ठेवून येऊ नका, तो आम्हाला दहावा आहे.

बायकांनी यावरून आपलं येणं बिनकामाचं समजू नये. मिन्यानमध्ये मोजत नाहीत ही आमची जुनी रीत, पण सणाचं अर्धं काम बायकांच्या हातावर चालतं आणि गाणी तर त्यांच्याच तोंडी शिल्लक आहेत.

प्रवासाचं

शुक्रवारी सूर्य मावळला की शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा दिवस, लागतो, त्याच्या आधी पोचायचं म्हणजे मुंबईहून सकाळीच निघा, संध्याकाळच्या भरवशावर राहू नका कारण वडखळचा ट्रॅफिक कोणाचं ऐकत नाही. गेटवेहून मांडव्याला लाँच आहे पण पावसाळ्यात बंद असते, तेव्हा भाऊच्या धक्क्यावरची रो-रो बघा, नाहीतर पनवेलवरून एसटी. राहायची खोली आळीपासून चालत जाता येईल अशी घ्या, म्हणजे शनिवारी गाडी काढावी लागत नाही. समुद्रकिनाऱ्यावरचं रिसॉर्ट दिसायला छान असतं पण शनिवारी सकाळी तिथून चालत येणार कसे? आता काही घरचे लोक लांबून रिक्षाने येतात, वय झालंय, पाय चालत नाहीत, त्यांना बघून कोणी काही बोलू नये एवढीच विनंती.

ओळखपत्र जवळ ठेवा. दारावर आधार कार्ड मागितलं, बॅग बघितली तर वाईट वाटून घेऊ नका, २००८ च्या मुंबई हल्ल्यात ज्यूंचं नरिमन हाऊस लक्ष्य झालं तेव्हापासून काळजी घ्यावी लागते. बिगर ज्यू मित्र बरोबर असतील तर तेही आधीच सांगा, प्रवेश त्या त्या मशिदीची कमिटी ठरवते.

आत आल्यावर

दाराच्या उजव्या चौकटीवर मेझुझा (आत धर्मग्रंथातली वचनं ठेवलेली छोटी डबी) असतो, त्याला हात लावून बोटं ओठांना लावायची. पुरुषांनी डोकं झाकायचं, टोपी नसेल तर आत मिळते, रुमाल बांधला तरी चालतो. बायकांनी साडी किंवा सलवार कमीज, डोक्यावर पदर नाहीतर ओढणी. बायकांची बसायची जागा वेगळी, कुठे वर माडीवर, कुठे त्याच मजल्यावर बाजूला. मध्ये कठडा असलेला उंच चौथरा दिसेल ती तेवा, हझ्झान तिथून तफिल्ला चालवतात. समोरच्या भिंतीत पडद्यामागे हेखाल, त्यात सेफेर तोरा ठेवलेले. वर दिवा जळत असतो, त्यात खोबरेल घालायची आपली पद्धत.

हिब्रू येत नसेल तर? येत नाही तर नाही, बसा. शेजारचे काका पान उघडून बोटाने दाखवतील, सगळे उठले की उठायचं, आमेन म्हणायचं, दोन-तीन शब्बाथांत चाली कानात बसतात. मराठी वाचता येतंय ना, मग अर्थासाठी अडणार नाही. पेसाह सणाला वाचायची पोथी, हग्गादा, पुण्यात १८७४ साली हिब्रू आणि मराठीत छापली गेली, तीत साड्या नेसलेल्या आपल्या बायका मत्सोथ (बिनखमिराच्या भाकऱ्या) करतानाचं चित्र आहे. म्हणजे देवाचं मराठीतून समजून घ्यायची आपल्याकडे जुनी रीत आहे, लाजायचं कशाला. मराठी कीर्तनंसुद्धा होती आपल्यात, आब्राहाम, योसेफ, मोशे यांच्या गोष्टी थेट ओव्या-साक्यांत सांगायचे, काही आजींना अजून तोंडपाठ आहेत, त्यांना आग्रह करा आणि म्हणून घ्या.

तफिल्ला संपली की हातबोशी. मोठं माणूस तुमच्याकडे हात करतं, आपण दोन्ही हातांत तो घ्यायचा, मग सोडून आपली बोटं ओठांना लावायची. हझ्झानपासून सुरू होतं आणि हातोहात शेवटच्या बाकापर्यंत जातं. पहिल्यांदा आलेल्याला कळत नाही, तो शेकहँड करून मोकळा होतो. आमची पोरं त्याला परत बोलावून शिकवतात.

फोन शब्बाथला आणि सणाला बंद, बंद म्हणजे सायलेंट नव्हे. फोटो नकोत, लाईटचं बटण दाबू नका, पैसे देऊ नका, दानपेटीत टाकायचे असतील तर रविवारी या. एकदा एका टूरवाल्यांनी चाळीसेक माणसं शनिवारी सकाळी तफिल्लेच्या मध्येच आणून उभी केली, फ्लॅश मारत होते, आमचे हझ्झान वाचता वाचता थांबले. माणसं वाईट नव्हती, त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं. म्हणून मी सांगतोय.

खाण्यापिण्याचं

कोणाच्या घरी डबा किंवा मिठाई घेऊन जाणार असाल तर दोन गोष्टी सांभाळा. मटणचिकनबरोबर दुधातलं काही नको, दही, तूप, पेढे काहीच नाही, म्हणून तर आपल्या सगळ्या रश्श्यांत आणि गोडात नारळाचं दूध असतं. आणि मासळीत पर आणि खवले दोन्ही पाहिजेत. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा चालतात. कोळंबी, चिंबोऱ्या, तिसऱ्या, माकूळ, मुशी चालत नाही. अलिबागच्या बाजारात राहून कोळंबी न खाणं म्हणजे काय ते कोकणातल्या माणसालाच कळेल, पण पिढ्यान्पिढ्या पाळलंय. बाहेरून मांस आणू नका, ते रीतीने कापलेलंच लागतं. सगळ्यात सोपं, फळं आणा.

शुक्रवारी किद्दुशला (शब्बाथ सुरू होताना प्याल्यावर म्हणायच्या प्रार्थनेला) वाईनऐवजी काळ्या मनुकांचं शरबत असतं, मनुका धुवून भिजत घालायच्या, कुस्करायच्या, फडक्यातून गाळायच्या. पोरांना फार आवडतं.

वर्षभरात कधी यायचं

आपलं कॅलेंडर समजायला मराठी माणसाला कठीण नाही, कारण तेही चंद्रावर चालतं आणि मेळ घालायला त्यातही अधिक महिना येतो, १९ वर्षांत ७ वेळा. दिवस मात्र संध्याकाळी सुरू होतो. सणांना आपल्या आज्यांनी मराठी नावं ठेवलीत आणि ती हिब्रू नावांपेक्षा लवकर लक्षात राहतात.

पहिला नव्याचा सण, म्हणजे रोश हाशाना. तो अमावास्येनंतर येतो, कधी गणपतीच्या दिवसांत, कधी नवरात्राच्या तोंडाला. गणपतीत आला तर एसटीची तिकिटं आणि रूम महिनाभर आधी बुक करा, नंतर काही मिळत नाही.

या सणाला चिकाचा हलवा होतो आणि नवीन आलेल्यांनी मदतीला यावं असं काम असेल तर हेच. गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, पिळून, गाळून चीक काढायचा आणि रात्रभर हलवायचा नाही. सकाळी वरचं पाणी हळूच ओतून टाकलं की खाली पांढराशुभ्र घट्ट चीक. तो, नारळाचं दूध आणि साखर मोठ्या पातेल्यात चढवतात आणि मग ढवळणं सुरू, हात थांबला की खाली लागलं. तास, दीड तास, दोन तास, माणसं बदलत जातात, उलथणं बदलत नाही. आधी पातळ असतं, मग एकदम जड होतं, कडा सोडायला लागतं, वर तकाकी येते, काकू ताटलीत एक थेंब टाकून बोट लावून बघतात आणि "अजून नाही" म्हणतात, असं चार वेळा. शेवटी गुलाबी रंग, वेलची, ताटात ओतायचं, वर बदाम-पिस्त्याचे काप दाबायचे आणि गार झाल्यावर शंकरपाळ्यासारख्या वड्या कापायच्या. आता बरेच जण चायना ग्रासचा पटकन करतात, तोही चांगला लागतो, पण चिकाचा एकदा तरी करा, त्या दोन तासांत पातेल्याभोवती ज्या गोष्टी निघतात त्यासाठी करा.

मग खिरीचा सण, नव्या तांदळाची खीर, अर्थात नारळाच्या दुधातली. मग दारफाळणीचा सण, म्हणजे किप्पूर, प्रायश्चित्ताचा दिवस, पूर्ण दिवसाचा उपास, पांढरे कपडे, चामड्याची पायताणं नाहीत, सकाळपासून अंधार पडेपर्यंत मशिदीत. पहिल्यांदा येणाऱ्याला दिवसभर बसवणार नाही, मध्ये बाहेर जाऊन या, पण शेवटच्या तासाला नक्की आत असा, शोफार (मेंढ्याचं शिंग) वाजतो तेव्हा. दुसऱ्या दिवशी शिळा सण, दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. पौर्णिमेला सुक्कोथ, मांडव घालायला नारळाच्या झावळ्या लागतात, परतीचा पाऊस धो धो असतो, तरण्या मुलांची इथे खरंच गरज पडते. शेवटी सिम्हाथ तोरा, सेफेर तोरा हातात घेऊन नाचणं, लहान पोरांना आणायचं असेल तर हाच दिवस.

डिसेंबरच्या आसपास हनुक्का, आठ संध्याकाळी खोबरेल तेलाचे दिवे. होळीच्या आसपास पुरीम, म्हणून तो होळीचा सण. चैत्री पौर्णिमेच्या सुमाराला पेसाह, अनशी ढाकण्याचा सण, आंबवलेल्या रसाचं मडकं त्या दिवसांत झाकून ठेवायचे म्हणून. आणि आब या हिब्रू महिन्याच्या नवमीचा उपास तो बिरड्याचा सण, वालाचं बिरडं असतं म्हणून.

मधला एक मुद्दाम शेवटी ठेवला. जानेवारी-फेब्रुवारीत पौर्णिमेला एलियाहू हानाबीचा, म्हणजे एलिया प्रेषिताचा, उरूस. अलिबागजवळ खंडाळे-सागावच्या बाजूला एक खडक आहे, एलियाहू नबीचा रथ इथून आकाशात गेला असं आपल्यात मानतात, खडकावर घोड्याच्या टापा आणि चाकाचे चरे दाखवतात. लोक नवस बोलायला आणि फेडायला येतात, त्या दिवशी मुंबई-ठाण्याहून येणारे पुष्कळ असतात, सोबत मिळते, त्यामुळे ज्यांना एकट्याने यायचा संकोच वाटतो त्यांनी इथून सुरुवात करावी. थंडी असते, हवा छान, लाँच चालू असते.

तिथे मलिदा करतात. पोहे धुवून निथळून मऊ होऊ द्यायचे, त्यात साखर, खवलेला ओला नारळ, वेलची, काजू, बदाम, बेदाणे कालवायचे, मोठ्या ताटात डोंगर करायचा, वर केळी, सफरचंद, खजूर अशी किमान पाच फळं, गुलाबाच्या पाकळ्या. सुवासाची, झाडाच्या फळाची, जमिनीतून येणाऱ्याची, प्रत्येकाची ब्राखा (आशीर्वचन) वेगळी, आणि मध्ये सगळे मिळून "एलियाहू हानाबी" म्हणतात. घरात लग्न असो, नवं घर असो, दुखण्यातून उठलेलं माणूस असो, मलिदा होतोच. ताट आलं की थोडं सगळ्यातलं घ्या, फळ सोडून नुसते पोहे उचलू नका.

त्याच फेरीत नवगावला जाऊन या, थळच्या पुढे. गलबत फुटून सात पुरुष आणि सात बायका किनाऱ्याला लागल्या आणि वाहून आलेले बाकीचे मृतदेह त्यांनी तिथेच पुरले, असं आपले पूर्वज सांगत आले. स्मारक आहे, कबरी आहेत, शांतता आहे. बाहेर पडताना हात धुवायचे, पाण्याची बाटली बरोबर ठेवा.

जाण्याआधी

मुकादमांना भेटा (आता ट्रस्टचे अध्यक्ष म्हणतात, जुने लोक मुकादमच म्हणतात), वहीत नाव, गाव आणि फोन नंबर लिहा. "पुन्हा येऊ" एवढंच लिहू नका, वर्षातले कुठले दोन शब्बाथ किंवा कुठला सण तुम्ही नक्की येऊ शकता ते लिहा, दोनच लिहा पण पाळा, आम्ही त्यावर पेणला आणि रेवदंड्याला माणसं जमवतो. मुलगा तेराचा होत असेल तर बार मित्स्वा गावच्या मशिदीत करता येईल का विचारा, हझ्झान तयारी करून घेतात, फोनवरून पाठ घेतात, सहा महिने आधी सुरुवात करावी लागते. आजी-आजोबांच्या नावाने दिव्याला तेल द्यायचं असेल तर रविवारी सकाळी दुकानातून खोबरेल घेऊन समासच्या (मशिदीची देखभाल करणाऱ्याच्या) हातात द्या आणि ज्यांच्यासाठी देताय त्यांचं नाव त्यांच्या वडिलांच्या नावासकट चिठ्ठीवर लिहा, हिब्रू नाव माहीत असेल तर ते, नसेल तर घरात हाक मारायचे ते चालेल.